वीतभर पाणी

आज सकाळी गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला, पाण्याची पाळी दोन दिवस पुढं गेली आहे. त्याखाली लगेच हात जोडलेले, डोक्याला हात लावलेले, रडके असे चेहरे यायला लागले. मी चहा अर्धा टाकून गच्चीवर गेले. वैशाखात सकाळी साडेसातलाच गच्चीची फरशी पायांना चटका द्यायला लागते. टबांपाशी उभी राहिले, वाकून पाणी बघितलं, परत सरळ झाले. करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी खाली जाववेना.

वैशाख आला की माझं असंच होतं. एका जागी बसवत नाही. वर जाते, खाली येते, फोन उघडते, मिटते. ह्यांना वाटतं उन्हाचा त्रास होतो. "डोक्याला रुमाल बांधत जा," म्हणतात. उन्हाचा नाही हो, असं सांगावंसं वाटतं, पण मग कशाचा ते सांगावं लागेल. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखाबद्दल आम्ही दोघं घरात फारसं बोलत नाही.

आमचं घर भडकल गेटच्या पलीकडं, एका अरुंद गल्लीत. खाली नुसरतभाभींचं घर, वर आमचं, त्याच्या वर गच्ची. गल्ली इतकी चिंचोळी की पाण्याचा टँकर तोंडाशीच थांबतो आणि तिथून पुढं ज्यानं त्यानं आपापली भांडी न्यायची. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. कधी दहा. अशा गावात, अशा गल्लीत, मी गच्चीवर अकरा टब मांडून कमळं लावते. खरं तर कमळं नव्हेत, कुमुदिनी. पान पाण्यावर पसरलेलं, फूल पाण्यापासून चार बोटं वर उभं. पण आमच्याकडं सगळ्यांनाच कमळ म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मी माळी नाही. चौतीस वर्षं तहसील कचेरीत दाखले आणि अर्ज केले. निवृत्तीला तीनेक वर्षं असताना मुलीला, ऋतुजाला, भेटायला पुण्याला गेले होते. परतताना रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेत प्लास्टिकच्या पिशवीत बुडवलेलं एक रोप दिसलं. पिशवीतल्या त्या ओंजळभर पाण्यात त्यानं एक निळं फूल काढलं होतं. मी ते बसमध्ये सहा तास मांडीवर धरून आणलं. हे सोयगावकडच्या शेतकरी घरातले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेले. दारातच म्हणाले, "लई भारी काम काढलंस. माणसाला प्यायला नाही अन् हिला कमळं."

मला त्याचा राग आला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी स्वतःला नियम घालून घेतला. तांदूळ धुतलेलं पाणी, शुद्धीकरणाच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी, एवढंच टबांना. नळाचं ताजं पाणी घालायचं ते फक्त पाळीच्या दिवशी, घरातलं सगळं भरून झाल्यावर. बाकी दिवस त्यांनी वीतभर पाण्यात भागवायचं. आणि त्यांनी भागवलं. सकाळी नऊला फुलं उघडायची, दुपारी तीनला मिटायची. आमच्या कचेरीत एवढं वेळेवर कुणी नव्हतं.

मग एका टबात आपोआप बी पडलं. त्यातलं एक बारकं रोप मी वेगळं केलं, दोन वर्षं सांभाळलं, तिसऱ्या वर्षी त्याला फूल आलं. निळं होतं, पण पाकळ्यांच्या कडा पांढुरक्या. पहाटे उजाडताना पूर्वेला आभाळ जसं असतं तसं. असं फूल मी कुठंच बघितलं नव्हतं. माझ्या मनानं घेतलं की हे नवं आहे, जगात फक्त आपल्या गच्चीवर आहे. मी कुणाला न सांगता त्याला आईचं नाव ठेवलं, इंदू. आई गावाकडं उन्हाळ्यात दोन-दोन कोस पाण्याला जायची. तिच्या नावाचं फूल पाण्यातलं असावं, ह्यात मला काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटलं.

आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. कुणीतरी जाणत्यानं ते बघावं, हो म्हणावं, असं वाटायला लागलं. ऋतुजानं मला इंटरनेटवरच्या एका मंडळात घातलं. जगभरचे कुमुदिनी लावणारे लोक तिथं फोटो टाकतात. मी इंदूचा फोटो टाकला. दोन-चार जणांनी पसंतीचे अंगठे टाकले. मग थायलंडमधून एका बाईचं उत्तर आलं. तिचं नाव पथुम. तिचे गुरू विचाई ह्यांचं नाव मंडळात सगळे कानाला हात लावून घ्यायचे, इतकी नवी फुलं त्यांनी काढली होती. पथुमनं लिहिलं होतं, "गुरुजी म्हणतात, फोटोत रंग खोटं बोलतो. पण तुम्हाला भेटायला आवडेल. ते आता ऐंशीच्या पुढं आहेत. ह्या पावसाळ्यानंतर बाग माझ्या हवाली करून ते उत्तरेला मुलाकडं जाणार. यायचं तर आत्ता या."

आत्ता म्हणजे वैशाखात. वर्षातले सगळ्यात वाईट दिवस. मी तोवर देशाबाहेर तर सोडाच, एकटी पुण्याच्या पलीकडंही गेले नव्हते. ऋतुजानं तिकिटं काढली, पासपोर्टचं केलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "टबांचं काय?" मी त्यांना कागदावर लिहून दिलं, कुठल्या टबात किती तांबे, कधी. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

निघायच्या दिवशी जिन्यात नुसरतभाभी भेटल्या. हातात चादरींची बादली होती. त्यांची सासू, अम्मां, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या होत्या. भाभी म्हणाल्या, "दीदी, उधर से हमारे वास्ते भी एक फूल लाना." मी हसून मान डोलावली आणि रिक्षात बसले. बसल्यावर आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडं एक कंद मागितला होता आणि मी म्हणाले होते, तुमच्या अंगणात ऊन पडत नाही, जगणार नाही. ऊन पडत होतं. सकाळचे चार तास चांगलं पडत होतं.

बँकॉकपासून दोन तासांवर पाणीच पाणी असलेला मुलूख आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कालवे, कालव्यांवर घरं, घरांच्या दारात होड्या. पथुम मला घ्यायला आली होती. पन्नाशीची, काटक, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. गाडीत तिनं सांगितलं, आमच्याकडं ह्या फुलांना 'बुआ' म्हणतात. मला हसू आलं. मी म्हटलं, आमच्या गल्लीत वडिलांच्या बहिणीला बुआ म्हणतात. मग ती म्हणाली, पथुम म्हणजे पद्म, आणि विचाई म्हणजे विजय. एवढ्या लांब येऊन माणसं ओळखीची निघाल्यासारखी वाटली.

बाग डोळ्यांत मावेना. एकेक तळं आमच्या गल्लीएवढं लांब. जांभळी, गुलाबी, पिवळी, विटकरी फुलं. एक मुलगी जाडजूड पाईप हातात धरून वाटेवरची धूळ बसवत होती, नुसती धूळ. माझ्या डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला, ह्यात आपल्या किती बादल्या, किती हंडे. मी तळ्याच्या काठावर बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी कोमट होतं. पथुम म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." पण माझ्या डोळ्यांपुढं घरचा मोजून ओतलेला तांब्या होता. त्याच क्षणी मला घरी फोन करावासा वाटला, आणि मी केला.

"पाणी आलं का?"

"येईल," हे म्हणाले. "मुख्य लाईन फुटलीय म्हणं. करतेत दुरुस्त."

"टब?"

"हायेत ना. तू तुझं बघ तिकडचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विचाई भेटले. बुटके, गळ्यात टॉवेल, एका डोळ्यात मोतीबिंदू. पथुम त्यांचं बोलणं मला इंग्रजीत सांगायची आणि माझं कचेरीतलं इंग्रजी त्यांना. मी फोटो छापून नेले होते, सकाळचे, दुपारचे, पाठीमागून, पाकळी वेगळी करून. त्यांनी एकेक फोटो चांगल्या डोळ्याजवळ धरून बघितला. मग उठले आणि चालायला लागले. आम्ही मागोमाग. बागेच्या पार टोकाला, जिथं मोडके टब आणि बांबू टाकलेले होते, तिथं एक लहान तळं होतं. त्यात माझी इंदू होती.

एक नाही. शंभर असतील. निळी, पांढुरक्या कडांची, सगळीकडं फुललेली, कुणी लक्षही न दिलेली.

विचाई काहीतरी म्हणाले. पथुम थोडी घुटमळली, मग तिनं सांगितलं, "ते म्हणतात, ही तुमच्या फुलाची आई आहे. तीस वर्षांपूर्वी काढली होती, तिचे कंद तेव्हाच देशोदेशी गेले. लेक आईवर गेलीय. सुंदर आहे, पण नवी नाही."

मी म्हटलं, "बरं." आईच्या नावाचं फूल आपल्या आईवरच गेलं होतं. ह्यात खरं तर वाईट वाटण्यासारखं काय होतं? पण मी तीन वर्षं जगात आपल्या एकटीकडं काहीतरी आहे ह्या समजुतीवर जगत होते. मंडळात इतरांची फुलं बघताना मनातल्या मनात म्हणत होते, हे तुमच्याकडं नाही. आता मला तिथून लगेच निघावंसं वाटलं आणि तिकिटाला अजून चार दिवस होते.

विचाईंनी मात्र फोटो परत दिले नाहीत. ते एका फोटोवर बोट ठेवून विचारत होते. फुलावर नाही, टबाच्या कडेवर. पाणी एवढं खाली का? मी सांगितलं, पाणी आठ दिवसांनी येतं. तेही घरातलं भरून उरलं तर. त्यांना वाटलं पथुम चुकीचं सांगतेय. त्यांनी तिला पुन्हा विचारलं. मग मला विचारलं, किती खोल असतं? मी हाताची वीत करून लाकडी बाकावर टेकवली. त्यांनी आपली वीत माझ्या वितेशेजारी ठेवली. त्यांची माझ्याहून लहान होती. "आणि ऊन?" मी सांगितलं. त्यांनी बाकावरची आपली वीत उचलली. नंतर पथुमला म्हणाले, वही आण. त्या दिवशी दुपारपर्यंत तो थोर माणूस मला प्रश्न विचारत होता आणि पथुम लिहून घेत होती. माती कुठली, सावली कधी धरता, तांदळाच्या पाण्याला वास येत नाही का, पानं किती ठेवता. मी सांगत होते, पण माझं मन लागत नव्हतं. मला ते शहाणपण म्हणून सांगताना लाज वाटत होती. आमच्याकडं ती नुसती अडचण होती.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी व्हिडीओ फोन केला. मी म्हटलं, टब दाखवा. त्यांनी पायऱ्यांजवळचा एक टब दाखवला. पाणी होतं, पानं होती. "पुढचे?" "ऊन लई हाय, दिसना मला स्क्रीन." "सावलीत या आणि दाखवा." फोन बंद झाला. परत लावला तर लागेना. चाळीस वर्षांच्या संसारात हे माझ्याशी फार थोड्या वेळा खोटं बोलले होते, आणि दरवेळी असेच बोलले होते, घाईघाईनं, उन्हाला दोष देत.

मी नुसरतभाभींना फोन लावला. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि रडायलाच लागल्या.

"दीदी, मैं भाईसाब कू बोली थी, नक्को बोल के. सुनेच नईं वो."

हळूहळू सगळं कळलं. लाईन फुटून पाच दिवस झाले होते. टँकर गल्लीच्या तोंडाशी एकदाच आला आणि दोन घरांपुढं संपला. खालची टाकी कोरडी, वरची कोरडी. त्यातच अम्मांना जुलाब सुरू झाले. दिवसातून चार-चार वेळा चादरी बदलायच्या, अंग पुसायचं. पाठीला आधीच जखमा होत्या. भाभी वर आल्या त्या फक्त विचारायला, तुमच्या टाकीत काही उरलंय का. टाकीत नव्हतं. हे गच्चीवर गेले, जुन्या धोतरातून एकेका टबाचं पाणी गाळलं आणि बादल्या खाली नेल्या. पहिल्या दिवशी तीन टब. मग रोज.

"पायऱ्यां के पासवाला एकच बचा," भाभी म्हणाल्या. "वो तुमकू दिखाने वास्ते रखे बोले."

मी ह्यांना फोन लावला. ह्या वेळी त्यांनी लगेच उचलला. माझा आवाज चढला होता. पथुमच्या घराच्या मागच्या ओट्यावर उभी राहून मी मराठीत ओरडत होते. "मला एका शब्दानं विचारलंत का?"

त्यांनी माझं ओरडणं पुरतं होऊ दिलं. मग म्हणाले, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस का?"

चिडून नाही, टोमणा म्हणूनही नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला पटकन म्हणायचं होतं, छे, कसं नाही म्हणेन? पण ते तोंडातून निघालं नाही. मी इंदूचा टब डोळ्यांपुढं आणला, अम्मांची पाठ डोळ्यांपुढं आणली, आणि तरीही निघालं नाही. शेवटी मीच फोन ठेवला. समोर तळ्यात पाण्याला तोटा नव्हता. मी ओट्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी विचाईंना कळलं. पथुमनं सांगितलं असणार. ते आले आणि माझ्या शेजारी बसले. सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाले, माझी बाग पाण्यानं गेली होती. एका वर्षी पूर आला, सगळी तळी एक झाली, पाणी माणसाच्या छातीएवढं, महिनाभर. चिखल, तेल, मेलेली जनावरं. पाण्यातली झाडं पाण्यात मेली. मी ज्याला सगळ्यात जास्त जपलं होतं, कुणालाच दिलं नव्हतं, ते गेलं, ते कायमचंच. पूर ओसरल्यावर एक शाळामास्तर दक्षिणेतून ओल्या कागदात सहा कंद गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, तुम्हीच दिले होते, मला तर आठवतही नव्हतं. मग एका देवळातले भिक्षू आले. मग एक बाई आली, तिला मी कंद दिला नव्हता, तिनं तो चोरून नेला होता. ती लाजत लाजत परत द्यायला आली. असं सांगून ते मोठ्यानं हसले.

मग एकदम कामाचं बोलायला लागले. "घरी गेल्यावर चिखल उपसू नका. पाणी ओतायची घाई करू नका. नुसता ओलसर ठेवा. चिखल सुकायला लागला की ही झाडं कंदात शिरून बसतात. काही जगतील. सगळी नाही."

निघताना त्यांनी त्या टोकाच्या तळ्यातला एक कंद माझ्या हातावर ठेवला. अक्रोडाएवढा, काळा, केसाळ. पथुम म्हणाली, कागदपत्रांशिवाय विमानतळावर काढून घेतील. मी तो मुठीत धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि परत दिला.

परतीच्या प्रवासात माझा डोळ्याला डोळा लागला नाही. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आमचा जिना नुसरतभाभींच्या दारावरून जातो. दार उघडं होतं, आतून अम्मांच्या खोकल्याचा आवाज आला. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. आधी आत डोकावावं, असं मनात आलं. आणि मी वर गेले. घरात पिशवी टाकली आणि तशीच गच्चीवर. हे खरं आहे, म्हणून लिहिते.

दहा टबांत चिखलाला भेगा पडल्या होत्या. पानं करपून टबांच्या कडांना चिकटली होती. इंदूचा टब बाकीच्यांपेक्षा जास्त सुकला होता, तो सगळ्यात जास्त उन्हात होता, मीच तिथं ठेवला होता. कोपऱ्यात लोणच्याच्या बरणीत टबांतले बारके मासे होते, डासांसाठी सोडलेले. बरणीवर ओलं फडकं टाकलेलं होतं.

हे मागून आले. "माशे नाही मरू दिले," म्हणाले. "दोनच गेले."

त्यांनी खिशातून मी लिहून दिलेला कागद काढला, त्याची घडी उलगडली आणि परत घातली. मग खाली जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. दुधाचा, आल्याचा, माझ्या आवडीचा. तोवर नळाला पाणी येऊन एक दिवस झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. अम्मां पहिल्यापेक्षा निम्म्या झाल्या होत्या, पण शुद्धीत होत्या, धुतलेल्या चादरीवर. भाभी माझ्याकडं बघेनात. मी पलंगाच्या कडेवर बसले. भाभींनी अम्मांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं, "अम्मां, ऊपरवाली दीदी आयी. इनोच के पानी से तुमारा सब किये थे."

अम्मांनी माझा हात चाचपला. डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं.

"तेरा पानी था वो?"

"हो, अम्मां."

"मच्छी की बू आती थी उसमें," अम्मां म्हणाल्या. "दो दिन मैं पूछती रही, घर में मच्छी कौन पकाया? मेरेकू कोई दियाच नईं!"

भाभींनी तोंडाला ओढणी लावली. मला आधी हसू आलं आणि मग ते थांबेना. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अम्मां आमच्या दोघींकडं चिडून बघत होत्या, कारण त्यांचा प्रश्न खरा होता आणि त्यांना उत्तर कुणी देत नव्हतं. त्या शुक्रवारी हे शहागंजच्या बाजारातून मासे घेऊन आले. भाभींनी काटे काढून अम्मांना दोन घास भरवले.

पावसाळ्यात दहातल्या पाच टबांत पानं आली. आधी लाल टोकांची, नखाएवढी. इंदूच्या टबात आलं नाही. मी दिवाळीपर्यंत वाट बघितली, मग तो चिखल हातानं चाळला. कंद सापडला, पण बोटानं दाबला तर आत पोकळ होता. मी पथुमला कळवलं. तिनं विचाईंना सांगितलं असेल. त्यांचं उत्तर आलं नाही, ते तोवर उत्तरेला गेले होते. उरलेल्या झाडांना पुढच्या वर्षी कंद धरले, ते मी वाटले. गल्लीत चार घरी, ऋतुजाला पुण्यात, ह्यांच्या भावाला सोयगावला. भाभींच्या अंगणात एक टब आहे. तो माझ्या टबांपेक्षा चांगला फुलतो, सकाळच्या चार तासांच्या उन्हात. अम्मां तो फुललेला बघून गेल्या.

असं सगळं झालं म्हणजे माणूस निवावा. मी निवले नाही. दर वैशाखात ह्यांचा तो प्रश्न परत येतो. माणसं म्हणतात, चाळीस वर्षांत नवरा-बायको एकमेकांना पुरते ओळखतात. ह्यांनी मला ओळखलं म्हणून विचारलं नाही, की ओळखलं नाही म्हणून? मी कधी विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा काढलं नाही. कंद वाटणं सोपं होतं. ते पावसाळ्यात वाटले, पाणी असताना.

तर आज सकाळी मी गच्चीवर उभी होते. टबांत वीतभरही पाणी नव्हतं, चार बोटं असेल. दोन टबांना कळ्या आहेत. पाळीला अजून दोन दिवस, कदाचित तीन. खाली आमच्या गॅलरीत हे पेपर वाचत बसले होते, वरून त्यांचं टक्कल आणि पेपरचा वरचा भाग तेवढा दिसत होता. त्याच्याही खाली अंगणात नुसरतभाभी आल्या. त्यांची लेक बाळंतपणाला आलीय, बाळ नऊ दिवसांचं आहे. त्यांनी मान वर केली.

"दीदी, पानी है क्या थोडा? कपड़े भिगाने कू."

मी कळ्यांकडं बघितलं. लगेच उत्तर दिलं नाही. फार वेळ नाही, तीन-चार श्वास गेले असतील. तेवढ्यात माझ्या मनात जे जे आलं ते मी इथं लिहिणार नाही. खाली गॅलरीत हे मान न उचलता बसून होते, पण पान उलटायला उचललेला त्यांचा हात तसाच अधांतरी थांबला होता.

"है," मी म्हणाले. "बादली घेऊन वर या."

मग पान उलटल्याचा आवाज आला.